उन्हात वाळवलेलं एक्स्चेंज

नागपुरातल्या सदर भागात, मागच्या गल्लीत, आता ओळीनं मोबाइलची दुकानं आहेत. काचेवर पाट्या असतात, 'जुन्या फोनमध्ये सॉफ्टवेअर मारून मिळेल.' मारून! परवा माझा फोन अडून बसला म्हणून गेलो, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "काका, याचं सॉफ्टवेअर उडालं. नवीन मारावं लागेल. आतलं सगळं जाईल, चालेल ना?" मी म्हटलं, चालेल गा, मार. त्याला काय सांगू, की याच गल्लीत एका खोलीत बसून मीही हाच धंदा करत होतो, ऐंशीच्या दशकात. फरक इतकाच की तेव्हा ज्या फोनचं डोकं मी बदलत असे, ते खिशात मावत नव्हतं. भिंतीवर चार खिळे ठोकून टांगावं लागे.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तेव्हा टेलिफोनची लाइन मिळणं म्हणजे सोन्याहून पिवळं. ऑफिसात टेबलं वीस आणि बाहेरच्या लाइनी दोन. मग कोणाचा फोन कोणाला जोडायचा, हे काम पूर्वी एक बाई करत असे. समोर लाकडी बोर्ड, त्यावर भोकं, हातात दोऱ्या. ह्या भोकातली दोरी काढ, त्या भोकात घाल. पुढे तेच काम करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी आली. तिचं नाव ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसापुरतं छोटं एक्स्चेंज. हे नाव एका दमात उच्चारणारा मालक मला साऱ्या नोकरीधंद्यात भेटला नाही. कोणी ईबीपॅक्स म्हणे, कोणी पीबीक्स. इतवारीतले एक कापडवाले शेठ सरळ 'डब्बा' म्हणत आणि तेच सगळ्यांत सोपं होतं.

ह्या पेट्या करणाऱ्या पहिल्यावहिल्या कंपन्या छोट्या होत्या. चारदोन वर्षांत त्यातल्या कित्येक गुंडाळल्या. कंपनी गेली, पेटी भिंतीवर राहिली. ऑफिसं मात्र वाढत होती, बदलत होती, आणि पेटी आपली पहिल्या दिवशी शिकवलं तेवढंच करायची. नवीन पेटी घ्यायची म्हटलं की मालक खिशावर हात ठेवत. तेव्हा कोणीतरी माझं नाव सांगे. मी मूळचा रेडिओ मेकॅनिक. वाल्व्हचे रेडिओ उघडता उघडता ट्रान्झिस्टरवर आलो, तिथून चिपवर. माझं शिक्षण म्हणजे एक भंगारातली पेटी, जिचा जीव मी घेतला तेव्हा कुठे मला पेटी कशी जगते ते कळलं.

पेटीच्या पोटात एक हिरवी पट्टी असे, तिच्यावर बऱ्याच चिपा. त्यातली एक जरा मोठी, झुरळासारखी, दोन्ही बाजूंनी पाय. हिच्या पाठीवर काचेची गोल खिडकी. कोणता फोन कुठे वाजावा, कोणाला बाहेरगावी लावता यावा, कोणाला नाही, हा सगळा हुकूम ह्या एका झुरळाच्या पोटात. तो हुकूम बदलायचा तर झुरळ उपटायचं आणि एका बंद डब्यात जांभळ्या दिव्याखाली ठेवायचं. खिडकीतून तो उजेड आत गेला की जुनं सगळं पुसलं जातं. पाटी कोरी. मग दुसऱ्या यंत्रात घालून आकड्यांनी नवा हुकूम भरायचा. ह्याला आम्ही चिप जाळणं म्हणायचो, जळत काहीच नसे. शेवटी खिडकीवर एक जाड कागदी चिकटपट्टी लावायची, कारण जांभळा दिवा जे पटकन करतो, तेच काम साधं ऊनसुद्धा करतं, फक्त सावकाश. आणि नागपूरचं ऊन म्हणजे काही साधं ऊन नव्हे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

गिऱ्हाइकं मागत काय? कोणाला घंटा हवी असे, कोणाला ती ऐकायचीच नसे. धरमपेठेतल्या एका डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, दवाखाना मिटला की पेशंटचा फोन माझ्या पलंगाशी नको, कंपाउंडरच्या खोलीत वाजू द्या. वाजवला. कंपाउंडर पुढे मला रस्त्यात भेटला की तोंड फिरवायचा. वर सांगितलेल्या इतवारीच्या शेठजींची तऱ्हा आणखीन वेगळी. त्यांच्या पेटीत मालकाला कोणाचंही बोलणं मधेच ऐकता येई, पण ऐकायला लागलं की बोलणाऱ्यांना 'बीप' असा आवाज येई. शेठजी म्हणाले, "वो बीप निकाल दो. तीन लडके हैं, देखूँ तो क्या बोलते हैं." मी म्हटलं, शेठजी, बीप राहू द्या, त्यात सगळ्यांचं भलं आहे. ऐकेनात. काढला. पंधरवडा गेला असेल नसेल, शेठजींचा निरोप आला. गेलो तर चेहरा उतरलेला. मला म्हणाले, "बीप वापस डाल दो." काय ऐकलं, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बीप टाकला आणि चहा पिऊन आलो.

अशी बरीच लफडी आहेत, पण मला जी सांगायची ती कळमेश्वरची.

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत फवारणी पंप बनवणारा एक कारखाना होता. मालक मुंबईचे, इथला कारभार वझलवार नावाच्या मॅनेजरसाहेबांकडे. पेटी जुनी, पण चांगली. ती चालवायला सिंधूबाई निनावे. बाई माझ्याहून थोड्या लहान, अंगानं बारीक, आवाज मात्र असा की ट्रंक कॉलवर पलीकडच्या माणसाला पहिल्या झटक्यात समजत असे. घराणं विणकरांचं, माहेर उमरेडचं, राहायच्या नागपुरात गोळीबार चौकाकडे. घरचे माग बंद पडले तेव्हा त्या टेलिफोनचं काम शिकल्या, आणि ह्या कारखान्यात दोऱ्यांच्या बोर्डापासून पेटीपर्यंत बसल्या. कोणता व्यापारी उधारीचं बोलायला फोन करतो, कोणाच्या घरून आजारपणाचा फोन आहे, हे त्यांना पहिल्या 'हॅलो'वरून कळे, आणि त्याप्रमाणे त्या साहेबाला जोडत किंवा 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणत.

वझलवार साहेबांच्या डोक्यात आलं की पेटी आहे तर बाई कशाला? मला बोलावलं. "ढोबळे, असं करता येईल का, की बाहेरचा फोन ऑपरेटरकडे न जाता सरळ आत वाजेल?" मी म्हटलं, येईल, पण पेटीला बोलता येत नाही. कोण हवं आहे हे ती विचारू शकत नाही. एका फोनवर वाजवेल, तिथे नाही उचलला तर पुढच्या, मग पुढच्या. ज्याच्या हाताला लागला त्यानं उचलायचा. साहेब म्हणाले, "चालेल. लोक शिकतील." मी काम केलं. माझा धंदाच तो. खरं सांगायचं तर माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या लोकांना पेटीत काहीतरी वाढवायचं नसे, पेटीबाहेरचा एखादा माणूस कमी करायचा असे, आणि ही गोष्ट मला कधी आवडली नाही.

मी चिप बदलायला पेटी उघडत होतो तेव्हा सिंधूबाई शेजारीच खुर्चीवर होत्या. त्यांना माहीत होतं. महिनाअखेरपर्यंत ठेवू, मग हिशेब, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं.

"मंग भाऊ," त्या म्हणाल्या, "आता हे पेटी मायं काम करन?"

"करन म्हणजे, घंटी वाजवन," मी म्हटलं.

"घंटी तं कोनी बी वाजवते," त्या म्हणाल्या आणि आलेला फोन जोडून दिला.

दुसऱ्याच दिवसापासून मे महिन्यातला कारखान्याचा सालाबादचा बंद लागला. मशीनची साफसफाई, रंगरंगोटी. ऑफिसात दोनचार माणसं, त्यात सिंधूबाई. पेटीच्या खोलीत एक कूलर होता, कारण पेटीला उकाडा सोसत नाही. माणसांना सोसतो, तो प्रश्न वेगळा. तर रंगवाल्यांनी कूलर सरकवला, त्याची पाण्याची नळी निसटली आणि सारं पाणी पेटीत. सिंधूबाई सकाळी आल्या तर पेटी बंद आणि खालून टपटप.

आता तुम्ही विचार करा. महिन्याभरात ज्या पेटीपायी आपली नोकरी जाणार, ती बुडलेली दिसली तर माणूस काय करेल? दार ओढून घेईल आणि म्हणेल, मले काय माहीत. सिंधूबाईंनी पेटीची वीज काढली, स्क्रू खोलले, हिरव्या पट्ट्या एकेक करून बाहेर घेतल्या आणि गच्चीवर नेल्या. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर काय नसतं? पापड, कुरडया, मुगवड्या, तुरीची डाळ, गाद्या, गहू. जे दमट आहे, ज्याला वास लागला आहे, ज्यात किडे होतील, त्याला ऊन दाखवायचं. आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना हा एकच इलाज ठाऊक. सिंधूबाईंनी खाटेवर जुनं धोतर अंथरलं, पट्ट्या मांडल्या. चिपेवरची माझी चिकटपट्टी भिजून लिबलिबीत झाली होती. तिच्याखाली पाणी राहून बुरशी धरेल म्हणून ती हलक्या हातानं सोलून काढली. काचेची ती छोटी खिडकी उघडी झाली. बाईंना वाटलं, ही खिडकी आत ऊन जावं म्हणूनच केली असावी. आणि गंमत बघा, ती त्यासाठीच केलेली होती!

बंद संपेपर्यंत रोज सकाळी पट्ट्या गच्चीवर, सूर्य कलला की खाली. दुपारी उलटून पुन्हा सरळ करायच्या, पापडासारख्या. कारखाना उघडायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळं जागच्या जागी बसवलं, एक स्क्रू इकडचा तिकडे नाही. वीज दिली. दिवे लागले, पण फोन मेलेले.

मला बोलावणं आलं. पेटी उघडली आणि मी बघतच राहिलो. असं सुंदर वाळवलेलं बोर्ड मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. कुठे पाण्याचा डाग नाही, गंज नाही, कोपऱ्यातली धूळसुद्धा पुसलेली. आणि मध्ये ती चिप, उघड्या खिडकीची. वाचून बघितली. कोरी. नागपूरच्या उन्हानं माझं सगळं लिहिलेलं धुऊन टाकलं होतं.

मी सिंधूबाईंना विचारलं, चिकटपट्टी कोणी काढली. त्यांनी सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं तसंच. मी म्हटलं, बाई, उन्हानं आतलं पुसलं गेलं. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी चेष्टा करतो आहे. मग माझा चेहरा पाहून हसू गेलं.

"उन्हानं?" त्या म्हणाल्या. "उन्हानं तं सारं सुधारते ना जी."

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन मी सांगितलं. मशीनला काही झालेलं नाही, चिप पुसली गेली आहे, माझ्याकडे सदरला तिच्यासारखीच भरलेली जोडचिप आहे, दुपारपर्यंत सुरू करून देतो. साहेबांना एवढ्यावर थांबता आलं असतं. त्यांनी विचारलं, "पुसली कशी गेली?" मी सांगितलं. "पट्टी कोणी काढली?" तेही सांगितलं, कारण मशीनच्या बाबतीत मी खोटं बोलत नसे. साहेब उठले. सरळ कँटीनमध्ये. मी मागे.

जेवणाची सुट्टी झालेली. बाकांवर माणसं दाटून बसलेली, फिटर, रंगवाले, पॅकिंगच्या बाया, वजनकाट्यावरचा नामदेव. सिंधूबाईंचा डबा उघडा होता. साहेब त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, "निनावे बाई, तुम्ही हे मुद्दाम केलंत."

सगळ्यांचे घास हातात राहिले.

"काय केलं जी म्या?"

"नोकरी जाणार म्हणून पेटी बिघडवलीत. मुद्दाम. पट्टी काढून उन्हात ठेवलीत."

मी मध्ये पडलो. म्हटलं, साहेब, असं नाही. उन्हानं चिप पुसते हे ह्या कारखान्यात कोणाला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक होतं का? मला ठाऊक आहे कारण ते माझं पोट आहे. साहेब म्हणाले, "तुम्हीच सांगितलं असेल." मी म्हटलं, नाही सांगितलं. "कशावरून?" न सांगितलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा? मला असा संताप आला, की त्या क्षणी पेटी भिंतीवरून उपटून त्यांच्या टेबलावर आदळावीशी वाटली. पण मी तिथे मेकॅनिक म्हणून गेलो होतो.

सिंधूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. मोठ्यानं नाही, पण स्पष्ट बोलल्या. "साहेब, नोकरी चालली थे मले माहीत होतं. त्याचं काही म्हननं नाही. पन आमी विणकर लोक हावो. आमच्यात दुसऱ्याच्या मागावरचा धागा कोनी तोडत नाही. दुष्मनाचा बी नाही. तुमी मले मुद्दाम काहून म्हटलं?"

साहेब निघून गेले. बाई त्याच पावली घरी गेल्या, महिनाअखेरची वाट न बघता. फाटकापर्यंत मी बरोबर गेलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, बाई, मला माहीत आहे तुम्ही नाही केलं. त्या म्हणाल्या, "तुमाले माहीत असून काय फायदा भाऊ? तठी बसले होते थ्या लोकाईले कोन सांगन?" आणि बसच्या थांब्याकडे गेल्या.

मशीनचं काय, मशीन दुपारी उठून बसलं. नवी चिप, नवी पट्टी, आणि साहेबांना हवा तसा हुकूम. बाहेरचा फोन सरळ आत वाजू लागला.

पेटीतल्या क्रमानं पहिला फोन होता वजनकाट्यावरचा, कारण वायरी फाटकाकडून आत ओढलेल्या. म्हणजे बाहेरून कोणीही फोन केला की पहिल्यांदा उचलणार नामदेव. नामदेव माणूस सोन्यासारखा, पण त्याचा जन्म ट्रकवाल्यांशी बोलण्यात गेलेला. यवतमाळचा व्यापारी पंपाचा भाव विचारी, नामदेव म्हणे, "गाडी आनली का? मंग आदी गाडी लावा ना काट्यावर." एका गिऱ्हाइकाच्या बायकोला त्यानं रिकाम्या गाडीचं वजन सांगितलं. साहेबांनी मला पुन्हा बोलावून पहिली घंटी स्वतःच्या केबिनमध्ये घेतली. मग दिवसभर बिलं, चौकशा, चुकीचे नंबर, कोणाच्या तरी सासऱ्याचे निरोप, सगळं साहेबांच्या कानाशी. चारच दिवसांत त्यांनी ती पुन्हा काट्यावर पाठवली.

आणि मग मुंबईहून खुद्द कारखान्याच्या मालकांचा, मुंबईच्या शेठजींचा फोन आला. ही गोष्ट मला नामदेवनंच सांगितली, वर हातवारे करून.

"वझलवार को दो," शेठजी म्हणाले.

"थे काट्यावर नाही बसत," नामदेव म्हणाला.

"तुम कौन हो?"

"तू कोन बे?"

मग शेठजींनी आपलं नाव सांगितलं, आणि नामदेव उभा राहिला, जसा काही शेठजींना तो दिसत होता. शेठजी त्याला रागावले नाहीत. एवढंच विचारलं, की पहिले एक बाई फोन उठाती थी, आवाज से पहचानती थी, वो कहाँ गई? नामदेवनं कँटीनमध्ये जे झालं ते सगळं सांगून टाकलं, एक शब्द न गाळता. ट्रकवाल्यांशी बोलणाऱ्या माणसाचा हा फायदा असतो, त्याला काही लपवता येत नाही.

शेठजींनी वझलवार साहेबांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या सदरच्या खोलीत स्वतः आले. पहिल्यांदाच. स्टुलावर बसले. म्हणाले, "ढोबळे, निनावे बाईंना परत बोलवायचं आहे. कायम करतो म्हणावं. तुमचं त्यांच्याकडे येणंजाणं आहे म्हणतात." येणंजाणं काही नव्हतं. पण मला उमरेडला एका ऑफिसचं काम होतं आणि बाई तिथे भावाकडे गेल्याचं ऐकलं होतं. मी म्हटलं, जातो. आणि म्हटलं, साहेब, त्या 'मुद्दाम' शब्दाचं काय? साहेब म्हणाले, "तिथे फोन असेल ना कुठे? मी फोनवर बोलतो."

उमरेडला बाईंच्या भावाच्या घराशेजारी किराणा दुकान होतं, त्यात फोन. बाई भावाच्या घरी कांड्या भरत बसल्या होत्या, म्हणजे मागाला लागणारं सूत चाक फिरवून छोट्या नळ्यांवर गुंडाळत. मी सगळं सांगितलं, कायमची नोकरी, शेठजी, नामदेव. नामदेवचं ऐकून त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अरे बाप्पा! 'तू कोन बे' म्हटलं त्यानं?" पण नोकरीचा विषय निघाला की पुन्हा कांडीकडे वळल्या. दुकानाचा नंबर मी साहेबांना कळवला होता; ठरल्या वेळी किराणावाल्यानं हाक मारली. बाई गेल्या, पोत्यांच्या मध्ये उभं राहून त्यांनी फोन कानाला लावला.

"हो जी. बोला." मग बाई ऐकत राहिल्या. "हो जी. ऐकू येऊन राह्यलं." साहेब पलीकडून बरंच बोलत असावेत, बारीक आवाज मला ऐकू येत होता. माझ्या मनात आलं, झालं एकदाचं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "साहेब, फोनवर नाही. फोनवर कोनी बी काही बी बोलते. म्या जिंदगीभर तेच ऐकलं. जठी म्हटलं होतं ना, तठीच म्हना." आणि फोन ठेवला. आपटला नाही, दोन्ही टोकं नीट बसवून ठेवला, ऑपरेटर ठेवतात तसा.

परत येताना मी बसमध्ये विचार करत होतो की ही नोकरी गेली. मॅनेजर लोक कँटीनमध्ये उभं राहून चूक कबूल करत नसतात. मलाही वाईट वाटत होतं आणि बाईंचा थोडा रागही येत होता. माणसानं किती ताणावं? भावाच्या घरात माग एक, खाणारी तोंडं पाच. कायमची नोकरी दारात आली आणि ही बाई शब्दासाठी अडून बसली. आठवडा गेला, काही नाही. नामदेव काट्यावर फोन उचलतच होता.

मग एक दिवस निरोप आला की पेटी पहिल्यासारखी करून द्यायची. बाहेरचा फोन ऑपरेटरकडे. मी चिप घेऊन गेलो. माझाच फेरफार मी जांभळ्या दिव्याखाली पुसून ठेवला होता, आणि सांगायला हरकत नाही, धंद्यात तेवढं समाधान मला फार थोड्या वेळा मिळालं. चिप बसवून झाली तेव्हा जेवणाची घंटा झाली. कँटीनमध्ये आलो तर सिंधूबाई दाराशी उभ्या. बसल्या नव्हत्या. धुतलेलं लुगडं, हातात पिशवी. माणसं त्याच बाकांवर, जवळजवळ त्याच जागी. आधीच कुजबूज झालेली असणार, कारण कोणीच डबा उघडला नव्हता.

वझलवार साहेब आले. टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले. खाली बघत, भराभर बोलले, की मागच्या महिन्यात निनावे बाईंबद्दल मी जे बोललो ते चूक होतं, त्यांनी मशीन वाचवायला केलं होतं, मुद्दाम काही केलं नव्हतं. एवढं बोलून त्यांनी रुमाल काढला. मला वाटलं, झालं. पुढच्या बाकावरचे दोघं उठायला लागले.

सिंधूबाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, मागच्या लोकाईले ऐकू नाही आलं."

उठणारे दोघं पुन्हा बसले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय करणार? मी चिपवाला. साहेबांनी रुमाल खिशात ठेवला, घसा साफ केला, मान वर केली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, बाहेरच्या पॅकिंग शेडपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं. 'मुद्दाम नव्हतं' हे दोनदा.

बाईंनी मागच्या बाकाकडे बघितलं. तिथे नामदेव होता.

"आलं जी," नामदेव म्हणाला.

तेव्हा सिंधूबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि आपल्या पेटीच्या खोलीकडे गेल्या.